सांगलीच्या हळदीसाठी भारीतला खोका करून घेताना

आमच्याकडे भारीतला खोका म्हटला की वर सोनेरी फॉइल, आत साटीनचं अस्तर आणि लोहचुंबकानं टक्कन बसणारं झाकण. लग्नपत्रिका, मिठाई, पैठणीचे बॉक्स, सगळं याच चालीवर चालतं. दिवाळीच्या भेटीसाठी राजापुरी हळद आणि तासगावचा हिरवा बेदाणा एकत्र द्यायचा ठरला, तेव्हा मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीवर पहिला नमुना आला तोही तसलाच. ज्या मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी हा खटाटोप होता, त्यांनी फोटो बघून एवढंच कळवलं, "चकाकी काढा, मग बोलू."

नणंदेची मुलगी पुण्यात पॅकेजिंग डिझाइन करते. तिला फोन केला, तर ती हसलीच. "मामी, श्रीमंतांचे खोके आता ओरडत नाहीत." मग तिनं एकेक दाखवायला सुरुवात केली. एर्मेस या फ्रान्सच्या महागड्या ब्रँडचा तो नारिंगी खोका म्हणे दुसऱ्या महायुद्धात नेहमीचा क्रीम पुठ्ठा मिळेना म्हणून आला, आणि कायमचा राहिला. टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्यांचा निळा पँटोनकडे, म्हणजे रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीकडे, 1837 या क्रमांकानं नोंदवलेला आहे, ते त्यांच्या स्थापनेचं वर्ष. लोक नावाआधी रंग ओळखतात. रुइनार या शॅम्पेनवाल्यांनी तर 2020 मध्ये भेटीचा खोकाच काढून टाकला आणि बाटलीच्या अंगासरशी बसणारं निव्वळ कागदाचं आवरण आणलं, आधीच्यापेक्षा नऊपट हलकं.

याला नुसती हौसही म्हणता येत नाही. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा 11 फेब्रुवारी 2025 ला लागू झाला, त्यातल्या बहुतेक तरतुदींची अंमलाची तारीख 12 ऑगस्ट 2026. माल मोठा भासावा म्हणून घातलेले खोटे तळ आणि दुहेरी भिंती 2030 पासून बंद. हे ऐकून मला आपले दिवाळीचे ड्रायफ्रूटचे बॉक्स आठवले. हातभर खोका आणि आत चार काजू! तो कायदा इथं आला तर निम्मी बाजारपेठ आडवी होईल.

तर ठरलं असं: प्लास्टिकचं लॅमिनेशन नाही, चुंबक नाही, साटीन नाही, फोम नाही. खोका सगळा कागद-पुठ्ठ्याचा, म्हणजे रद्दीत गेला तरी काही वेगळं काढत बसायला नको. भाचीनं पांढरट, खरखरीत, सुती लगद्याचा कागद पाठवला. हातात घेतला की किंमत कळावी असा.

आणि तिथंच हळद आडवी आली.

अडतीवर कुणाचे हात पिवळे नसतात? सौद्याच्या दिवशी तर हमालापासून दिवाणजीपर्यंत सगळेच हळदीचे. लॅमिनेशन नसलेला कागद डाग पितो. सासऱ्यांनी नमुना उचलून खाली ठेवला, तर झाकणावर अंगठा उमटला, रेषांसकट. ओल्या फडक्यानं पुसला तो आणखी पसरला. पॅकिंग वेगळ्या खोलीत करा, हातमोजे घाला, वरून पाण्यातलं वॉर्निश मारा, असे उपाय निघाले. पण खोका आमच्याकडून गेल्यावरही तो हळदीचाच खोका राहणार. घेणारा बरणी उघडणार आणि त्याच हातानं झाकण लावणार.

शेवटी रंग बदलला. पॉलिश न केलेल्या हळकुंडाचा जो मातकट, मळका पिवळा असतो, त्या रंगाचा कागद घेतला, आणि तोही वरून छापलेला नव्हे, लगद्यातच रंगवलेला. यात दुहेरी फायदा झाला. बोट लागलं तरी दिसत नाही. आणि वर छापलेला रंग कोपऱ्याच्या घडीवर फुटून आतला पांढरा दात दाखवतो, तसं इथं होत नाही. कोपरा घासला तरी आत तोच रंग.

छपाईसाठी पुण्याला जायची गरज पडली नाही. मिरजेत पत्रिका छापणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे फॉइलचं मशीन आहे. फॉइलचा रोल काढला आणि तोच तापलेला ब्लॉक, म्हणजे अक्षरांचा धातूचा साचा, नुसता दाबला, की अक्षर कागदात खोल बसतं, रंगाशिवाय. काकांना हे पटेचना. "ताई, सोनं लावायचे पैसे घेतो मी. न लावायचे किती घेऊ?" पण काम जमवायला लागल्यावर त्यांनाच चव आली. ताप जास्त झाला की कागद दाबाच्या कडेला तुकतुकीत होतो, कमी झाला तर ठसा उठत नाही. देवनागरीत आणखी एक भानगड आहे: 'ळ'ची गाठ आणि अनुस्वार लगेच बुजतात. 'सांगली हळद' या दोनच शब्दांत दोन्ही आहेत. भाचीनं अक्षराची पोटं थोडी मोकळी केली, काकांनी पितळी ब्लॉक नव्यानं करून घेतला, तेव्हा कुठं समोरून न दिसणारं आणि तिरप्या उजेडात ठसठशीत वाचता येणारं अक्षर आलं.

खरा घाम काढला झाकणानं. चुंबक नाही म्हणजे झाकणाला आधार फक्त मापाचा. सैल झालं तर लोळतं, घट्ट झालं तर खोका उचलावा लागतो. दोन मिलीमीटरच्या कप्पा बोर्डावर, म्हणजे कडक जाड पुठ्ठ्यावर, कागद चिकटवतात तेव्हा तो ओला होऊन ताणतो, वाळला की आक्रसतो आणि पुठ्ठ्याला ओढून वाकवतो. त्यात ऑगस्टची सांगलीची हवा. रात्री सरळ ठेवलेली झाकणं सकाळी पापडासारखी वळलेली. खोके बनवणाऱ्यानं कागदाचा आणि पुठ्ठ्याचा धागा, म्हणजे आतल्या तंतूंचा कल, एकाच दिशेला घेतला, आतूनही तसाच कागद लावला आणि वजनाखाली वाळवलं, मग ती ताळ्यावर आली. आता झाकण सोडलं की आतली हवा बाहेर टाकत सावकाश खाली उतरतं. मला तरी हे चुंबकाच्या टक्कन आवाजापेक्षा श्रीमंत वाटतं.

आतल्या कप्प्यांसाठी लगद्याचा साचा भाचीला हवा होता. आमच्या मालाच्या मानानं साच्याचा खर्चच झेपेना, म्हणून घडीच्या पुठ्ठ्याची खणं केली. सासऱ्यांचं म्हणणं, "माल दिसला पाहिजे, खिडकी ठेवा." पण उजेडानं हळदीतलं कुर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारं द्रव्य, उतरतं, तेव्हा खिडकी नाही आणि बरणीही गडद काचेची. दिसायला म्हणून अख्खी हळकुंडं एका खणात ठेवली.

उरला कायदा. देखण्या कोऱ्या खोक्याचं त्याला कौतुक नसतं. 2011 च्या वेष्टनाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीचा पत्ता. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक. चौकोनातला हिरवा ठिपका. शिवाय हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच, मराठी जादा चालते. भाचीला सगळं एका सुट्या कागदी पट्टीवर ढकलायचं होतं. पण लेबल डब्यापासून सुटता कामा नये असा नियम आहे, आणि ती पट्टी तर पहिल्यांदाच फाडली जाणार. मग तिनं खोक्याची एक अख्खी बाजूच या मजकुराला दिली आणि अडतीच्या हिशेबपट्टीसारखी रकाने पाडून मांडणी केली. ती बाजू मला सगळ्यात आवडते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमची नोंदणी आहे, म्हणून तेही तिथंच, बारीक अक्षरांत.

खर्च पहिल्या सोनेरी नमुन्यापेक्षा कमी झाला नाही, उलट थोडा वरच गेला. फॉइल, चुंबक आणि साटीनचे वाचलेले पैसे कागदात आणि हातकामात गेले. मुंबईवाल्यांनी ऑर्डर पक्की केली आणि पुढच्या वर्षासाठी नवीन खूळ काढलं: खोका आणि बरणी तीच, गिऱ्हाइकाला नुसतं पुन्हा भरायचं पाकीट. त्यासाठी बरणीचं तोंड रुंद लागेल, म्हणजे खणाचं माप बदललं, म्हणजे झाकणाचंही. काकांचा ब्लॉक तेवढा आहे तसा चालेल.