थांब म्हणावं

परवा दुपारी मिरजकर तिकटीजवळ एका मिसळीच्या दुकानात बसलो होतो. शेजारच्या टेबलावरनं ऑर्डर गेली, "मामा, दोन मिसळ, एक बिनकांद्याची, कट वेगळा, ब्रेड जादा." मामांनी आत काहीतरी हाळी दिली आणि फडकं खांद्यावर टाकून दुसरीकडं गेले. मी मात्र तिथंच अडकलो. कट वेगळा कुणाचा? बिनकांद्याच्या मिसळीचा, का दोन्हींचा? मामांनी विचारलंसुद्धा नाही. दोन ताटं आली, कटाची वाटी एकाच ताटात, आणि ज्याच्यापुढं यायला हवी होती त्याच्याच पुढं.

हा माझा धंद्याचा रोग. त्या दिवशी सकाळपासून मी हेच करत बसलो होतो. संगणकाला दिलेल्या आज्ञेपुढं माणूस डॅश लावून जे काय लिहील, त्यातलं काय कशाला चिकटतं ते प्रोग्रॅमला शिकवायचं. प्रोग्रॅमला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, त्यामुळं सगळं आधी सांगून ठेवावं लागतं. युनिक्स ही संगणकाची एक जुनी प्रणाली, आणि गेटऑप्ट म्हणजे तिच्यातला, आज्ञेपुढची अक्षरं वाचून देणारा गडी. त्याला अक्षरांची एक ओळ देतात. त्यातल्या ज्या अक्षरापुढं विसर्गासारखी दोन टिंबं, ते अक्षर पिशवी घेऊन उभं. लगेच पुढं जे येईल ते त्याच्या पिशवीत. बाकीची अक्षरं मोकळ्या हातानं.

लहानपणी पिशवी माझ्या हातात असायची. आज्जीचं घर शिवाजी पेठेत, किराणा दुकान कोपऱ्यावर. आज्जी चुलीकडं तोंड करूनच सांगायची, "पळ, पोहे आणि मीठ घेऊन ये. जाड आणि बारीक." मी पोहे-मीठ-जाड-बारीक असा जप करत पळायचो. एकदा वाटेत गोट्यांचा डाव रंगलेला, तिथं जरा रेंगाळलो आणि जपाची शिवण उसवली. दुकानापर्यंत पोचलं ते 'मीठ जाड'. मग उरलेलं बारीक पोह्यांना. दुकानदार म्हणाला, "बारीक म्हंजे पातळच की रं." झालं. जाडं मीठ आणि पातळ पोहे घेऊन मी घरी. दुसऱ्या दिवशीच्या कांदेपोह्यांचा जो लगदा झाला तो आजोबांनी चमच्यानं खाल्ला, काही न बोलता. त्यांचं न बोलणं जास्त लागायचं.

आज्जीचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, "मी सरळ सांगितलेलं. पयल्याला पयलं, दुसऱ्याला दुसरं."

बरोबर होतं तिचं. टार नावाची, फायलींचा एक गठ्ठा बांधणारी आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनची, तीही अशीच जुन्या वळणाची. डॅश न लावता अक्षरं लिहिली, तर आधी अक्षरं सगळी, मग त्यांचं त्यांचं सामान ओळीनं. पण त्याच अक्षरांच्या डोक्यावर एक डॅश ठेवा, की आज्जीची रीत संपली. मग एफ, म्हणजे गठ्ठ्याचं नाव मागणारं अक्षर, शेजारी चिकटलेलं जे असेल ते गिळतो. मी एकदा सवयीनं सी-एफ-व्ही लिहिलं, आणि डोक्यावर डॅश लावलेला. एफनं व्ही गिळला. व्ही नावाचा गठ्ठा तयार झाला, आणि वर मलाच बोलणी, की तुम्ही म्हणता ती फाईल सापडत नाही. मी गोट्यांपाशी थांबलो नव्हतो, एवढंच.

दोन डॅशांची गंमत आणखी वेगळी. एखाद्या फाईलचं नावच डॅशनं सुरू होतं. ती पुसायला गेलं, की आज्ञेला वाटतं हीपण सूचनाच. म्हणून मधे नुसते दोन डॅश टाकायचे. यापुढं हुकूम नाही, नुसती नावं. आपल्याकडं हे काम 'म्हणावं' करतं, फक्त आपलं 'म्हणावं' येतं सगळं बोलून झाल्यावर. एका सकाळी आज्जी माडीवरनं ओरडली, "थांब…" मी जिन्यातच थांबलो, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मग वरनं उरलेलं आलं, "…म्हणावं त्या दूधवाल्याला!" तोवर त्याची सायकल गल्लीच्या तोंडाला लागलेली. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्याला.

ते जाडं मीठ आज्जीनं परत पाठवलं नव्हतं. लोणच्याला होईल म्हणाली. झालं.

व्ही मी उघडून बघितला. पेठेतलं घर पाडायच्या आधी काढलेले फोटो सगळे आहेत आत. जिना आहे, माडीची खिडकी आहे. नाव बदलायचं तेवढं राहिलंय.