अर्ध्यातून ऐकलेल्या गप्पा

शनिवार, रात्री उशिरा

मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या जागी, आज एकाने विचारलं होतं: जुन्या पोस्ट ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जाव्यात, असं सेटिंग ठेवावं का? माझ्या सर्व्हरवरून त्याखाली चार उत्तरं दिसत होती आणि चौघांचंही म्हणणं एकच, ठेवावं, मागे कचरा कशाला ठेवायचा. सवयीने मूळ पोस्टचा दुवा उघडला. तिकडे तीसेक उत्तरं, आणि त्यातले निम्मे लोक अगदी उलट बोलत होते. एकीचं म्हणणं तर मला फार पटलं. तिने लिहिलं होतं की तुम्ही तुमची पोस्ट पुसता तेव्हा त्याखाली मी दिलेलं उत्तर हवेत लटकतं, कुणाशी बोलत होते तेच कळत नाही.

चार आणि तीस, हा फरक इथे रोजचाच. मधोमध बसलेली एक कंपनी नाही, हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत आणि ते अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमांनी एकमेकांना पोस्ट पोचवतात. हे नियम २०१८ साली डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, प्रमाण म्हणून मान्य केले. पण एखादं उत्तर माझ्या सर्व्हरवर यायचं तर इथल्या कुणीतरी त्या माणसाला फॉलो केलेलं हवं, नाहीतर त्या उत्तरात इथल्या कुणाचं तरी नाव हवं. तसं नसेल तर ते सहसा येत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये राहून गेलेली उत्तरं मागवून घेण्याची सोय आली आहे, पण प्रत्येक अ‍ॅडमिन, म्हणजे सर्व्हर चालवणारा, लगेच आवृत्ती बदलतोच असं नाही. बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, रात्री करतात.

याचा एक गमतीदार परिणाम म्हणजे तेच तेच सल्ले. आधी दिलेली उत्तरं दिसतच नसल्यामुळे प्रत्येकाला वाटतं, हे आपणच पहिल्यांदा सांगतो आहोत. विचारणाऱ्याचा बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. आजच्या माणसाने शेवटी लिहिलंच, "सेटिंग कुठे आहे ते सापडलं. सगळ्यांचे आभार. खरंच सापडलं." त्यानंतरही दोघांनी सेटिंग कुठे आहे ते सांगितलं.

पण मला वाटतं, इथल्या गप्पांचा सूर जो जरा हळू, घरगुती लागतो, त्यामागेही हेच कारण असावं. आपल्यासमोर अख्खं जग बसलंय असं इथे वाटतच नाही. समोर येणाऱ्या पोस्टच्या यादीतून जाताना पोस्टला किती जणांनी तारा दिला, म्हणजे आवडल्याची खूण केली, किती जणांनी बूस्ट केलं, हे आकडे दिसत नाहीत, त्यासाठी पोस्ट उघडावी लागते. उत्तरं एकाहून जास्त असली की त्यांच्या आकड्याच्या जागीसुद्धा नुसतं "१+" असतं. त्यामुळे एखादं मत लोकप्रिय आहे की एकट्याचं, हे कळायच्या आत ते वाचून झालेलं असतं. आणि तारा दिला म्हणून पोस्ट पुढे सरकत नाही, लिहिणाऱ्याला तेवढं कळतं. पुढे न्यायची तर बूस्टच करावं लागतं, म्हणजे आपल्या नावाने ती दुसऱ्यांसमोर ठेवायची. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण मान डोलावणं आणि गावभर सांगत सुटणं या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या राहतात.

दुसऱ्याची पोस्ट उचलून त्यावर आपली टिप्पणी चिकटवण्याची सोय मॅस्टोडॉनने कितीतरी वर्षं मुद्दाम दिली नव्हती. तिचा उपयोग लोक टोमणे मारायलाच जास्त करतात, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये ती आली, पण आपली पोस्ट कुणी उचलावी हे लिहिणारा ठरवू शकतो आणि नंतर परवानगी काढूनही घेऊ शकतो. मला ही तडजोड बरी वाटली. जुनी मंडळी मात्र महिनाभर कुरकुरत होती. त्यांना कुरकुरायला काहीही पुरतं म्हणा. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर ट्विटरची मालकी बदलली आणि लोकांचे लोंढे इकडे वळले, तेव्हाही नव्या लोकांना पहिलं काय ऐकावं लागलं असेल तर ते म्हणजे राजकारणावर बोलताना वर इशारा, म्हणजे मजकूर झाकून आधी विषय सांगणारी ओळ, का नाही लावलात. यूझनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीपासूनच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, १९९३ मध्ये नवख्यांचा असाच पूर आला होता आणि जुन्यांनी त्याला "कधीही न संपणारा सप्टेंबर" असं नाव ठेवलं होतं. एरवी दर सप्टेंबरात विद्यापीठांतली नवी मुलं येत आणि हळूहळू रुळत, त्या वर्षापासून येणं थांबलंच नाही. तेव्हाही मालक कुणीच नव्हता आणि शिस्त लावायला मात्र सगळेच पुढे.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. सूर घरगुती आहे म्हणून जागा खाजगी होत नाही. मॅस्टोडॉनवर एकालाच पाठवलेला निरोप कुलूपबंद नसतो. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूच्या अ‍ॅडमिनने ठरवलं तर तो वाचू शकतो. पोस्ट पुसली की दुसऱ्या सर्व्हरांना "पुसा" असा निरोप जातो, तो पाळणं त्यांच्या हातात. लेमीवर, म्हणजे याच जाळ्यातल्या रेडिटसारख्या चर्चांच्या जागी, तर वर-खाली दिलेली मतंसुद्धा नावासकट सर्व्हर ते सर्व्हर फिरतात. पडद्यावर नुसता आकडा दिसतो म्हणून आपण बिनधास्त असतो, एवढंच.

आणि मग अ‍ॅडमिन लोकांची भांडणं. एका सर्व्हरने दुसऱ्याशी संबंध तोडले की दोन्हीकडच्या माणसांचं एकमेकांना फॉलो करणंही तुटतं. कधीकधी हे करायलाच हवं असतं. २०१९ मध्ये गॅब हे अतिउजव्यांचं, द्वेषाच्या पोस्टसाठी बदनाम असलेलं संकेतस्थळ मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आलं. कोड मुक्त असल्यामुळे त्यांना अडवणं शक्य नव्हतं, पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं आणि ते एका बाजूला पडले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पण गेल्या आठवड्यात आमच्या अ‍ॅडमिनने ज्या सर्व्हरशी नातं तोडलं तिथे द्वेषबिष काही नव्हतं. तक्रारी बघणाऱ्या दोन मॉडरेटरांची एका तक्रारीवरून जुंपली, दोघंही हट्टाला पेटले, आणि बागेतल्या किड्यांबद्दल रोज काहीतरी लिहिणाऱ्या एक बाई माझ्या यादीतून गेल्या. आमची ओळख म्हणजे त्यांनी किड्याचा फोटो टाकायचा आणि मी विचारायचं, "हा चावतो का?" एवढीच. त्यांचं खरं नाव मला माहीत नाही.

खातं दुसरीकडे हलवता येतं. फॉलो करणारे लोक बरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. त्याची मला फारशी पर्वा नाही. बाई ज्या सर्व्हरवर आहेत तिथे जायचं तर आधी अर्ज करावा लागतो आणि अ‍ॅडमिन तो वाचून मंजूर करतो. "तुम्हाला इथे का यायचं आहे?" असा एक रकाना आहे. "किडे बघायला" असं लिहून पाहिलं, मग खोडलं. उद्या बघते.