स्वप्न तिला, जाग त्याला

पुढचं दिसणाऱ्या बायकांच्या मालिकांचा सरंजाम ठरलेला असतो. अंधारी खोली, मेणबत्त्या, मोकळे केस, फिरलेले डोळे आणि मागे कानठळ्या बसवणारं संगीत. ‘मीडियम’ ही अमेरिकन मालिका मला आवडते ती यातलं जवळपास काहीच तिच्यात नाही म्हणून. खोली अंधारी असते, कारण रात्रीचे तीन वाजलेले असतात. केस मोकळे असतात, कारण बाई झोपेतून दचकून उठलेली असते. शेजारी नवरा. त्याला सकाळी ऑफिस असतं, आणि आता त्याला एका खुनाची साद्यंत हकीकत ऐकायची असते.

अॅलिसन डुब्वा ही अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरातली तीन मुलींची आई. वकिलीचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, नोकरी सरकारी वकिलांच्या कचेरीत. तिला मेलेली माणसं दिसतात, आणि अजून न घडलेल्या किंवा घडून गेलेल्या गोष्टींची स्वप्नं पडतात. मालिका एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर जानेवारी 2005 मध्ये सुरू झाली. याच नावाची एक खरीखुरी बाई फिनिक्समध्ये आहे, तिच्यावरून हे पात्र घेतलं. त्या खऱ्या बाईच्या दाव्यांवर शंका घेणारे पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच. पण मालिका बघायला विश्वास लागत नाही. भुताची गोष्ट ऐकायला तो कधी लागला होता?

ही मालिका रचली ग्लेन गॉर्डन कॅरन या गृहस्थाने. ऐंशीच्या दशकातली ‘मूनलायटिंग’ मालिकाही त्याचीच. त्यातही गुप्तहेरगिरी नावापुरती, खरी गंमत नायक-नायिकेच्या भांडणाची. इथे त्याने ती दोघं लग्न लावून एका पलंगावर निजवली आहेत, एवढंच. नवऱ्याचं नाव जो, विमान-अवकाश क्षेत्रातला इंजिनिअर. म्हणजे गणित सुटल्याशिवाय मान न हलवणारा माणूस. पहिल्याच भागात तो बायकोच्या स्वप्नातले तपशील निरनिराळ्या पोलिस खात्यांना पाठवून देतो. हिशेब सरळ आहे : कुणी दाद देणार नाही आणि विषय मिटेल. पण टेक्सासमधून फोन येतो. त्या क्षणी जोचं काम करणाऱ्या जेक वेबरने केलेला चेहरा बघण्यासारखा आहे. बायको खरी ठरली याचा आनंद त्यात कमी, आणि आता हे आयुष्यभर चालणार याची जाणीव जास्त.

या जोची मला फार गंमत वाटते. तो आंधळा भक्त नाही आणि खवचट नास्तिकही नाही. तो प्रश्न विचारतो. ‘गाडी कोणत्या रंगाची होती? नंबरप्लेट दिसली का? मग तो मेला हे कशावरून?’ निम्म्या केसेस पोलिसांच्या आधी त्याच पलंगावर उलगडायला लागतात. आपल्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. पण ते सांगायला गेलं, तर घरातल्या घरात ‘झोप आता’ याच्यापुढे प्रकरण सरकत नाही.

कचेरीतला भागही लेखकांनी हुशारीने बांधलाय. स्वप्न हा पुरावा होत नाही, स्वप्नावर वॉरंट निघत नाही. त्यामुळे मुख्य सरकारी वकील डेव्हालोस तिला ज्यूरी निवडताना शेजारी बसवतो, गुन्ह्याच्या जागी नेतो, आणि न्यायालयात तिचं नाव निघू नये याची काळजी घेतो. डिटेक्टिव्ह स्कॅनलनची तर कुचंबणाच. बाईने सांगितलेल्या घराचं दार ठोठवायला त्याला दुसरं एखादं सरकारमान्य कारण शोधावं लागतं. सगळं ठाऊक असून काहीच सिद्ध करता येत नाही, असा हा मामला.

आणि ठाऊक तरी काय असतं? पहिल्या दोन मिनिटांत खून दाखवून टाकायचा आणि तरी पाऊण तास ताणायचं, ही लेखकांपुढची खरी अडचण. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की स्वप्न हप्त्याहप्त्याने पडतं. पहिल्या रात्री दिसतो हातात सुरा घेतलेला माणूस. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न चार पावलं पुढे जातं आणि लक्षात येतं, की सुरा त्याने दुसऱ्याच्या हातातून हिसकावलेला आहे. बाईला दिसतं ते खरंच असतं, चुकतो तो तिने लावलेला अर्थ. त्यापायी कधीकधी निरपराध माणूस अडचणीत येतो. कधी स्वप्न व्यंगचित्रपटाच्या थाटात पडतं, आणि 2005 च्या नोव्हेंबरात तर एक भाग खास चष्मा लावून त्रिमितीत बघायचा होता. तो प्रकार मला उगाचच वाटला.

पॅट्रिशिया आर्केटला अॅलिसनच्या भूमिकेसाठी त्याच वर्षी एमी हे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं. वजन कमी करा असं तिला सुचवलं गेलं होतं, आणि तीन पोरींची आई अशीच दिसते म्हणून तिने नकार दिला, असं तिने नंतर सांगितलंय. पडद्यावर ते दिसतं. दुधात भिजत चाललेली कॉर्नफ्लेक्सची वाडगी, एकीचा बूट सापडत नाही, दुसरी सहीसाठी कागद पुढे करतेय, आणि आई सिंकपाशी उभी राहून कालच्या प्रेताचा विचार करतेय. त्यातच मधली मुलगी सहज काहीतरी बोलून जाते आणि कळतं, की हे पोरींमध्येही उतरलंय. आईबापांच्या चेहऱ्यावर जे येतं ते भय नव्हे. घराण्यातला मधुमेह पुढच्या पिढीत निघाल्यावर येतं, ते.

माझ्या आत्याने एकदा शेजारी बसून अर्धा भाग पाहिला आणि विचारलं, “इतकं दिसतं हिला, तर सिलिंडर कधी येणार ते सांगेल का?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. बाईला पुरलेली प्रेतं दिसतात, पण घरखर्चाचं कसं होणार ते दिसत नाही. चौथ्या सीझनमध्ये तर तिचं गुपित वर्तमानपत्रात फुटल्याने कचेरीतलं काम गेलेलं असतं आणि जोचीही नोकरी नसते. तो सोलर पॅनेलची कल्पना घेऊन भांडवलासाठी दारोदार फिरतो. मला तरी हा भाग कुठल्याही खुन्यापेक्षा जास्त धाकधूक लावणारा वाटला.

पाच सीझननंतर एनबीसीने हात वर केले, सीबीएस या दुसऱ्या वाहिनीने मालिका उचलली, आणि जानेवारी 2011 मध्ये ती संपली. शेवट ज्यांना कळून घ्यायचा नाही त्यांनी पुढची दोन-तीन वाक्यं गाळावीत. नवरा, म्हणजे जो, विमान अपघातात जातो. गोष्ट 41 वर्षं पुढे उडी मारते, म्हातारी झालेली अॅलिसन मरते आणि तो तिला न्यायला येतो. रडू आलं, खोटं कशाला बोला. तरी जरा राग आहेच. इतकी वर्षं ज्याने फक्त ऐकून घेतलं, त्याला शेवटी भूत करून त्याच्याकडून तेच काम करून घेतलं.

एकूण भाग 130. सगळे सारखे नाहीत, मधले काही तर सरळ पाट्या टाकलेले आहेत. खुनी कोण हे सांगायची वेळ आली, की चहा टाकायला उठलात तरी बिघडत नाही. नाश्त्याच्या टेबलाचा प्रसंग मात्र बसून बघा.