कंपनी कोल्हापूरहून बेळगावला नेली: ट्रक दोन तासात पोचला, कागद सप्टेंबरात

आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड, सीएनसी मशीनिंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग कापायचं) जॉबवर्क. शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये होतो. मालकानं शेड विकला, मेहुण्याचा उद्यमबागेतला शेड रिकामाच पडला होता, म्हटलं चला बेळगावला. हायवेनं दोन तास, तिकडंही निम्मं गिऱ्हाईक मराठीच बोलतंय, मला वाटलं मशीनं उतरवायची, लेटरहेडवर पत्ता बदलायचा आणि कामाला लागायचं. मशीनं एप्रिलमध्ये गेली सुद्धा. कंपनी मात्र सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्रातच अडकून बसली.

आधीच सांगतो, तुम्हाला दुसऱ्या राज्यात फक्त काम सुरू करायचं असेल तर रजिस्टर्ड ऑफिस, म्हणजे कंपनीचा सरकारदरबारी नोंदलेला पत्ता, हलवायच्या नादाला लागू नका. तिकडचा जीएसटी नंबर घ्या, कंपनी आहे तिथं राहू दे. आमच्याकडं जुन्या पत्त्यावर टपाल घ्यायलाही कोणी उरणार नव्हतं म्हणून इलाज नव्हता. (मधले महिने शेडच्या नव्या मालकाला विनवणी करून गेटला टपालपेटी आणि कंपनीची पाटी लावून ठेवली होती, दर शनिवारी मी स्वतः जाऊन पेटी उघडायचो.)

राज्य कुठलं ते कंपनीच्या मेमोरँडममध्येच (स्थापनेच्या मूळ कागदात) लिहिलेलं असतं, म्हणून त्याच शहरात पत्ता बदलण्याइतकं हे सोपं नाही. सभासदांचा विशेष ठराव, मग तो नोंदवायचा फॉर्म एमजीटी-१४, मग आयएनसी-२३ हा अर्ज भरून प्रादेशिक संचालकांची (केंद्राच्या कंपनी खात्याचे अधिकारी) मंजुरी. ठरावाचं काही अवघड नाही, सभासद म्हणजे मी, बायको आणि मेहुणा, चहा संपायच्या आत झाला.

अडकलो ते आयएनसी-२३ ला, आणि ते फॉर्ममुळं नाही, तारखांमुळं. सोबत देणेकऱ्यांची यादी जोडायची, म्हणजे कंपनी ज्यांचं देणं लागते ते सगळे. ही यादी अर्ज भरायच्या दिवशी महिन्याभरापेक्षा जुनी चालत नाही. पेपरात जाहिरात द्यायची, एक मराठीत, एक इंग्रजीत, ती पण अर्जाच्या आधीच्या तीस दिवसांतलीच पाहिजे. हरकत घ्यायला लोकांना जाहिरातीपासून चौदा दिवस. आमच्या सीएसचं (कंपनी सेक्रेटरीचं) म्हणणं, चौदा दिवस जाऊ देऊ, हरकत आली नाही असं शपथपत्रच लावू म्हणजे वरून प्रश्न नको. शिवाय प्रत्येक देणेकऱ्याला रजिस्टर एडीनं नोटीस, आणि त्या पोचपावत्या परत यायची वाट बघा. आता हे सगळं एका महिन्यात बसवून दाखवा.

पहिल्यांदा मी शहाणपणा केला, यादी ३१ मार्चची काढली, कारण हिशेब तसाही त्याच तारखेला बंद होतो आणि ऑडिटरला दोनदा काम नको. अर्ज गेला १२ मे ला. शेरा आला एका ओळीचा, यादी नियमाप्रमाणे नाही. काय नियमाप्रमाणे नाही ते लिहिलेलंच नाही. मी आठवडाभर बेरजा तपासत बसलो, कोणाचे पैसे चुकलेत का, नाव चुकलंय का, शेवटी सीएसच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या पोरीनं सांगितलं, काका रकमा बरोबर आहेत, तारीख जुनी आहे. नवीन यादी म्हणजे नवीन नोटिसा, आणि तोवर जाहिरातीचेही तीस दिवस उलटलेले, म्हणजे जाहिरातही नवीन.

दुसऱ्यांदा जाहिरात मेहुण्याच्या ओळखीच्या एजंटकडून दिली, स्वस्तात. मराठी बरोबर कोल्हापूरच्या आवृत्तीत आली. इंग्रजी छापली बेळगावच्या आवृत्तीत! जाहिरात जिथून कंपनी निघते त्या राज्यातल्या पेपरात पाहिजे, जिथं जाते तिथल्या नाही. एजंट म्हणतो साहेब पत्ता तर बेळगावचा होता. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, प्रूफ मीच बघायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्यांदा सुरुवात करायची तर मेहुणा वारीला निघालेला, आणि यादीवर शपथेवर सही दोन डायरेक्टरांची लागते. तो माघारी येईपर्यंत गप्प बसलो.

त्या बसलेल्या दिवसांत एक गोष्ट सुचली, ती आधी सुचली असती तर. यादीत २३ नावं होती, त्यातली १६ दहा हजाराच्या आतली, टूल ग्राइंडिंगवाला, पाण्याच्या जारवाला, कुरिअरवाला. ग्राइंडिंगवाल्यानं दुकान बदललेलं, त्याचं पाकीट दोन्ही वेळा परत आलेलं, आणि देणं किती तर ४३०० रुपये. मग यादी काढायच्या आदल्या आठवड्यात सगळे बारके हिशेब मिटवून टाकले. देणं नाही तर नोटीस नाही. यादी सात नावांची झाली. तिसरा अर्ज पास झाला, सुनावणीही लागली नाही.

राज्याच्या मुख्य सचिवांनाही अर्जाची प्रत पाठवावी लागते, त्याची पोच जपून ठेवा. शिफ्टिंगमुळं एकाही कामगाराला काढणार नाही असं शपथपत्रही द्यावं लागतं, ते सही करायच्या आधी कामगारांशी खरंच बोलून घ्या, आमचे दोघं कागलचे, त्यांची राहायची सोय करावी लागली. आणि कंपनीवर कंपनी कायद्याखाली चौकशी किंवा खटला चालू असेल तर हे सगळं सुरूच करू नका, परवानगी मिळत नाही.

मंजुरीची प्रत हातात आली की ती नोंदवायचा फॉर्म आयएनसी-२८ तीस दिवसांत, मग नव्या पत्त्याचा आयएनसी-२२. सीआयएन, म्हणजे कंपनीच्या नोंदणी नंबरातलं महाराष्ट्राचं एमएच जाऊन कर्नाटकाचं केए येतं. पॅन तोच राहतो.

जीएसटीचं राहिलंच, आणि ते मशीन हलवायच्या आधीचं आहे. कंपनी एक, पॅन एक, तरी २७ नंबरवाले (महाराष्ट्र) आणि २९ नंबरवाले (कर्नाटक) हे जीएसटीच्या लेखी वेगळे. आम्ही मशीनं साध्या डिलिव्हरी चलनावर पाठवणार होतो, सीएनं वेळेवर अडवलं. बिल काढायचं, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावायचा, ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) करायचं. जुन्या नंबरवरचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) नव्यात आपोआप जात नाही, पण त्या बिलाच्या टॅक्समध्ये ते वापरता आलं, आणि तेवढंच क्रेडिट बेळगावला मिळालं. जुना नंबर बंद केला की तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरा.

आणि तिकडं पाटी कन्नडमध्येही लागते, साठ टक्के. जुन्या सीआयएनचे दोन रीम लेटरहेड उरलेत, त्याच्या पाठीमागं सध्या पोरगं गणितं सोडवतंय.