सुप्याच्या माळावर ससा आणि टिटवी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून चौफुल्याला उजवीकडे वळलं की मोरगावच्या वाटेवर सुपे लागतं. मयूरेश्वर अभयारण्याचा माळ तो हाच. बहुतेक लोक इथे चिंकारा पाहायला येतात. आम्ही नजर जमिनीवर ठेवून चालतो, कारण उघड्या मुरमावर लपायचं कसं हे सशाइतकं आणि टिटवीइतकं क्वचितच कुणाला जमतं.

ससा उजाडता उजाडता चरणं आटोपतो आणि तरवडाच्या झुडपाला किंवा कुसळीच्या ठोंबाला पाठ लावून बसतो. ही बसायची जागा लांबट असते, मागे जरा खोल, कारण भार मागच्या पायांवर असतो. टिटवीचा खळगा गोल, उथळ आणि पार उघड्यावर. उबवताना चहूकडचं दिसायला हवं ना! त्याच्या कडेला खडे असतात, शेळीच्या लेंड्या असतात, कधी सशाच्याही. सशाची लेंडी गोल, किंचित चपटी, वाळलेल्या गवताच्या तुसांची. शेळीची काळपट, लांबट, गुळगुळीत.

माणूस जवळ आला की दोघांची तऱ्हा उलटी. ससा कान पाठीवर चपटे करून गप्प राहतो आणि अगदी दोन-तीन पावलांवर आल्यावरच उसळून नागमोडी पळतो. तेव्हा मानेवरचा काळा डाग पाहून घ्यावा. टिटवी दुरूनच ओरडायला लागते, डोक्यावर झेप घेते, कधी पंख मोडल्यासारखी फरफटत लांब नेते. ती नेईल तिकडे अंडी नसतात.

मार्च ते जून खूप जपून चालावं. सहसा चार अंडी असतात, मातकट, काळ्या ठिपक्यांची, आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आरडाओरडा वाढला की आल्या वाटेने मागे फिरावं. फोटोसाठी दुपारी तिथे रेंगाळलं तर पक्षी अंड्यांवर परतत नाही आणि उन्हाने आतला जीव मरतो. एरवी टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. गाडी रस्ता सोडून माळात घालणं तर अक्षम्यच.

पिल्लं दोघांचीही जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर लव किंवा केस असलेली. टिटवीची थोड्याच वेळात आईबापांमागे धावतात, इशारा झाला की जमिनीला चिकटतात. सशाचं पिल्लू मात्र दिवसभर एकटंच पडून असतं. ते अनाथ समजून लोक उचलून घरी नेतात, आणि ते सहसा जगत नाही. त्याला हात लावू नये. अंधार पडला की आई पाजायला येते.