प्लगइन सोपवलं

आज मॅटोमोसाठी, म्हणजे संकेतस्थळाला किती लोक भेट देतात ते मोजणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, सगळ्यांनी मिळून बांधलेलं आमचं प्लगइन (जास्तीची सोय देणारा जोडभाग) नव्या मंडळींच्या हाती दिलं. 2007 साली पिविक म्हणून सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर 2018 मध्ये मॅटोमो झालं, पण कोडच्या नेमस्पेसमध्ये (कोडचे भाग ज्या नावाखाली ठेवतात त्यात) अजून जुनंच नाव नांदतंय. मला ते फार आवडतं!

दुपारभर जुन्या तक्रारी चाळल्या. एकाच्या अहवालात सगळीकडे शून्य. त्याने क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाचा, अख्खा लॉग (नोंदी) पाठवलेला, आणि भलत्याच कुणीतरी त्यातून पीएचपीची (मॅटोमो ज्या भाषेत लिहिलंय तिची) मेमरी संपल्याची ओळ हुडकून दिली. दोघांची ओळखदेखील नव्हती. अशा माणसांमुळेच हे टिकलं. मॅटोमोची मोठी आवृत्ती आली की प्लगइन कुठल्या आवृत्तीवर चालतं ते सांगणारी सुसंगततेची ओळ नुसती बदलून भागत नाही, एकेक अहवाल तपासावा लागतो. नव्या मंडळींनी ते आजच सुरू केलंय.