गोळी दुखण्याची, वार श्वासावर

"दमा आहे ना, मग तेलकट बंद कर," हा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळतो. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने दम्याला फायदा होतो, हे खरंच. पण माझ्या दम्यात खरा खेळ ज्या स्निग्ध पदार्थाचा आहे, तो ताटात नाही, पेशीच्या आवरणात असतो.

त्याचं नाव अ‍ॅराकिडोनिक आम्ल, 20 कार्बनची साखळी. पेशी चिडली की एक एन्झाइम ते आवरणातून सोडवतं आणि पुढे त्याला दोन वाटा फुटतात. एकीवर प्रोस्टाग्लँडिन बनतात, दुसरीवर ल्युकोट्राइन. ल्युकोट्राइन श्वासनळी आवळतात, आतलं अस्तर सुजवतात, कफ वाढवतात, आणि अ‍ॅलर्जीत शरीर जे हिस्टामिन सोडतं त्यापेक्षा कितीतरी जोरात. हे रसायन नेमकं काय आहे ते 1979 मध्ये बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या चमूने उलगडलं. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मला हे वाचावंसं वाटलं ते दाढदुखीच्या एका गोळीमुळे. गोळी घेऊन तासही झाला नसेल, नाक धो धो वाहायला लागलं, डोळे लाल झाले, मग छातीत शिट्टी. वाक्य पूर्ण बोलता येईना. नाकात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे मऊ कोंब, होतेच, ऑपरेशननंतरही परत वाढलेले. दमा, पॉलिप आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या न सोसणं, हे त्रिकूट डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. या गोळ्या पहिली वाट अडवतात. त्या वाटेवरचं प्रोस्टाग्लँडिन ई2 ल्युकोट्राइनला लगाम घालत असतं, तोच सुटतो. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे त्वचेच्या चाचणीत ती सापडत नाही.

मॉन्टेलुकास्ट नावाची गोळी ल्युकोट्राइनला पेशीवरच्या त्याच्या जागेवर, रिसेप्टरवर, बसू देत नाही. मला तिचा चांगला उपयोग झाला, सगळ्यांना होतोच असं नाही. मुख्य औषध स्टेरॉइडचा पंपच, आणि अचानक धाप लागली तर ही गोळी कामाची नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला: चिडचिड, भयानक स्वप्नं, नैराश्य, आत्महत्येचे विचार. म्हणून घरच्यांना मी सांगून ठेवलंय, माझ्या वागण्यात फरक दिसला तर लगेच बोला. लहान मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांनी डोळ्यांत तेल घालून बघायला हवं.

माशाच्या तेलाबद्दल खूप जण विचारतात. त्यातली मेदाम्लं अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी स्पर्धा करतात हे बरोबर, पण दम्यावर त्यांचा ठोस फायदा चाचण्यांतून दिसलेला नाही. त्याच्या भरवशावर पंप सोडू नका.

आणि पॉलिपवाल्यांनो, दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसायच्या आधीच दम्याचं सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही अ‍ॅस्पिरिनच्याच जातीची नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात, सर्दीच्या गोळीतसुद्धा.